आधी कागद, मग रेघ: बडोद्यात प्रिंटमेकिंग शिकायला येणाऱ्यांसाठी

प्रिंटमेकिंग म्हणजे लिनो, लाकूड, धातूची प्लेट, दगड किंवा जाळीवर चित्र तयार करून त्याचे छाप काढणं. मला चित्र बरं काढता येत होतं आणि या स्टुडिओत शिरल्यावर पहिले दोन महिने तेच आडवं आलं. चित्र झालं की काम झालं, पुढे नुसतं प्रेसचं चाक फिरवायचं, असा माझा समज होता. पहिल्या सत्रात मी एकवीस प्रिंट काढले आणि त्यातले सतरा फुकट गेले. गंमत म्हणजे रेषा चुकली म्हणून एकही गेला नाही. कुठे कागद वाळला होता, कुठे प्लेटच्या कडेने कागद कापला, कुठे शाई जरुरीपेक्षा जास्त पुसली गेली, आणि पाच-सहा तर निव्वळ माझ्या काळ्या बोटांनी गेले. तेव्हापासून मी नव्या मुलांना एकच सांगते: रेघ तुम्हाला येतेच, म्हणून तर इथे आलात. आधी बाकीचं शिका.

मी दांडिया बाजारात वाढलेली. घरात मराठी, बाहेर गुजराती, आणि स्टुडिओत या दोन्हींत इंग्रजी शब्दांची फोडणी. पुण्या-नाशिकहून येणाऱ्या मुलांचा पहिला आठवडा शब्दांतच जातो, म्हणून लोक जो शब्द खरंच बोलतात तोच इथे ठेवलाय.

१. शाई कुठे थांबते, ते आधी बघा

तंत्रांची नावं पाठ करू नका. कुठलाही प्रिंट समोर आला की विचारा, यात शाई कुठे थांबली होती?

उंचवट्यावर थांबली असेल तर तो रिलीफ: लिनोकट, वुडकट. रबरी शिक्क्यासारखं. नको तो भाग कोरून टाकायचा, उरतं त्याला शाई लागते.

खोलगटात थांबली असेल तर इंटाग्लिओ: ड्रायपॉइंट, एचिंग, अ‍ॅक्वाटिंट, एनग्रेव्हिंग. घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यावर आजीचं नाव घातलेलं असतं ना? भांडं कितीही घासा, त्या अक्षरांत पितांबरीची पूड अडकून राहतेच. इंटाग्लिओ म्हणजे तेवढंच. वरचं पुसून टाकायचं, खाचेतलं राहू द्यायचं, आणि ओलसर कागद इतका दाबायचा की तो खाचेत उतरून शाई उचलेल.

सपाटीवरच थांबली असेल तर लिथोग्राफ, म्हणजे आपला शिळाछाप. इथे खाच नाही, उंचवटा नाही. तेल आणि पाणी यांचं पटत नाही, एवढ्यावर सगळं चालतं.

आणि आरपार गेली असेल तर स्क्रीन. रांगोळीची जाळी आठवा.

हे चार एकदा डोक्यात बसले की नवं नाव ऐकून घाबरायला होत नाही. कोलाग्राफ म्हटलं की कळतं, पुठ्ठ्यावर काहीबाही चिकटवून तयार केलेली प्लेट, रिलीफसारखीही छापता येते आणि इंटाग्लिओसारखीही. व्हिस्कॉसिटी म्हटलं की कळतं, एकाच प्लेटच्या वेगवेगळ्या खोलींवर कमी-जास्त तेलाच्या शाया, मऊ आणि कडक रोलरने. पॅरिसच्या आतलिए १७ या प्रिंटमेकिंगच्या स्टुडिओत आपल्या कृष्णा रेड्डींनी ज्यावर काम केलं ते हेच. पण पहिल्या वर्षी तिकडे वळू नका. मी वळले होते. चिखल छापून आला.

२. पिशवीत काय हवं

प्रेस, अ‍ॅसिडची खोली, हॉटप्लेट, लिथोचे दगड हे स्टुडिओचं असतं. तुमचं स्वतःचं असावं ते असं:

- लिनो कोरायची हत्यारं: एक व्ही, एक बारीक यू, एक रुंद यू. बारा नगांचा स्वस्त संच घेऊ नका. त्यातली नऊ तुम्ही कधी वापरणार नाही आणि उरलेली तीन आठवड्यात बोथट होतील.
- धार लावायचा दगड. हा कोणी सांगत नाही.
- एचिंगची सुई. नसली तर जाड दाभण लाकडी मुठीत बसवलं तरी चालतं.
- कानस, आणि पॉलिश पेपर बारीक नंबरांचे.
- खळ घातलेलं जाळीदार कापड, शाई पुसायला. शिवाय जुनी सुती साडी किंवा धोतर. आजोबांच्या धोतराइतकं चांगलं पुसणं बाजारात मिळत नाही.
- रबरी हातमोजे, अ‍ॅसिडसाठी वेगळे आणि साफसफाईसाठी वेगळे.
- डोळ्यांवरचा चष्मा, आणि धूळ अडवणारा चांगला मास्क. कापडी नव्हे.
- एप्रन, आणि पुढे बंद असलेल्या चपला. सँडल घालून अ‍ॅसिडच्या खोलीत जाऊ नये.
- शंखजिऱ्याची पूड, खडूची पूड, खायचा सोडा.
- जुनी वर्तमानपत्रं, ढीगभर.
- एक वही. हिच्याबद्दल पुढे.

शाई सुरुवातीला चार जणांत मिळून घ्या. ऑफसेटची काळी किलोच्या डब्यात येते आणि एकट्याने संपवायला वर्ष लागतं. तोवर वर साय धरते. साय आली तर ती ढवळू नका, सुरीने गोल कापून अख्खी उचला.

कुठल्या स्टुडिओत किंवा कार्यशाळेत जागा हवी असेल तर सहसा ओळखपत्र, आठ-दहा कामांचे फोटो आणि काय करायचंय याचा अर्धा पान मजकूर मागतात. फोटो दिवसाच्या उजेडात, सरळ वरून काढा. ट्यूबलाइटखाली तिरके काढलेले फोटो बघून कुणाला काही कळत नाही.

३. लिनोपासून सुरू करा

लिनो हा क्षमाशील माल आहे. घरच्या टेबलावर होतो, प्रेस लागत नाही. कागद ठेवून वरून लाकडी डावाच्या पाठीने गोल गोल घासलं तरी छान उतरतो.

थंडीत लिनो कडक होतो आणि हत्यार घसरतं. दहा मिनिटं गच्चीवर उन्हात ठेवा, लोण्यासारखा कापला जातो. मे महिन्यात उलट सांगावं लागतं: उन्हात विसरू नका, वाकडा होतो.

दुसरा हात नेहमी हत्याराच्या मागे. हे वाक्य प्रत्येक जण ऐकतो आणि प्रत्येकाच्या डाव्या तर्जनीवर एक पांढरा व्रण असतो. माझ्याही आहे.

छापल्यावर सगळं उलटं येतं. अक्षरं घ्यायची असतील तर ट्रेसिंग पेपरवर लिहा, तो पालथा करून लिनोवर गिरवा. देवनागरीत एक जादा त्रास आहे: उलट्या अक्षराची शिरोरेषा सरळच दिसते, त्यामुळे शब्द बरोबर वाटतो आणि वेलांटी-काना मात्र चुकीच्या बाजूला गेलेला असतो. आरशात बघून मगच कोरा.

रोलरवर शाई किती घ्यायची ते कानाने ठरवायचं. काचेवर शाई पसरताना रोलरचा आवाज बारीक, सलग सळसळीसारखा आला पाहिजे, मंद आचेवर काहीतरी तळतंय असा. चपचप असा ओला आवाज आला म्हणजे शाई जास्त, बारीक रेषा बुजणार.

वुडकट हेच, फक्त लाकडाचं म्हणणंही ऐकावं लागतं. रेषांच्या दिशेने हत्यार पळतं, आडवं गेलं की ढलपा उडतो. प्लायवूडवर सुरुवात करा, सागाच्या नादी नंतर लागा.

४. कागद

हा भाग कंटाळवाणा आहे आणि इथेच सगळे नापास होतात.

इंटाग्लिओला कागद सुती हवा, साधारण अडीचशे ते तीनशे ग्रॅमचा. लाकडाच्या लगद्याचा गुळगुळीत कागद भिजला की त्याची लापशी होते. पाण्यात ठेवायचा वेळ कागदागणिक बदलतो. काही पाच मिनिटांत तयार, काही जाड कागद अर्धा तास मागतात. बाहेर काढला की टिपकागदांमध्ये ठेवून वरून हात फिरवायचा. तिरका धरून उजेडात बघा. पाण्याची चकाकी दिसली तर अजून ओला आहे. तसाच छापलात तर पाणी शाईला बाहेर ढकलतं आणि पांढरे डाग पडतात. गालाला लावून बघा: थंड लागला पाहिजे पण गाल ओला होता कामा नये. इस्त्रीआधी पाणी शिंपडून गुंडाळून ठेवलेला कपडा जसा लागतो, तसा.

बडोद्याच्या उन्हाळ्यात कागद टिपून होईपर्यंत एक कोपरा वाळतो. म्हणून आदल्या रात्री भिजवून, टिपून, सगळे कागद एकावर एक रचून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, वर फळी आणि वजन. सकाळी सगळ्यांत सारखा ओलावा आलेला असतो. मात्र दोन दिवसांवर ठेवू नका, बुरशी येते. पावसाळ्यात तर एका रात्रीतही.

कागद उचलायला पुठ्ठ्याच्या दोन घड्या घातलेले चिमटे करून ठेवा. शाईचा हात आणि कागदाचा हात वेगळा. शक्य असेल तर माणूसच वेगळा; दोघांच्या जोडीने छापलं तर काम निम्म्याहून कमी वेळात होतं.

५. धातूची प्लेट

आधी ड्रायपॉइंट करा. सुईने थेट धातूवर किंवा अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर ओरखडायचं. ओरखड्याच्या बाजूला जी बारीक कड वर येते, तिला बर म्हणतात, तीत शाई अडकून मखमली रेषा येते. प्रेसखाली ती दबत जाते, म्हणून दहा-पंधरा चांगले प्रिंट मिळाले तरी खूप. अ‍ॅसिड नाही, वास नाही. हाताला शाई पुसण्याची सवय इथेच लावून घ्या.

मग एचिंग, म्हणजे सुईऐवजी अ‍ॅसिडकडून धातूत रेषा खाऊन घेणं. आमच्याकडे बहुतेक जण जस्ताच्या प्लेटवर शिकतात, तांबं महाग. मी क्रमाने सांगते, यातली एकही पायरी गाळू नका.

कड. चारही कडा कानशीने पंचेचाळीस अंशात उतरवा, मग पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. धारदार कड ओल्या कागदाला कापते आणि प्रेसच्या लोकरी ब्लँकेटलाही. ब्लँकेट कापलंत तर स्टुडिओत वर्षभर तुमची ओळख तीच राहते.

चिकटपणा काढणं. खडूची पूड पाण्यात कालवून प्लेट घासा. मग नळाखाली धरा. पाणी सलग पडद्यासारखं राहिलं तर साफ. थेंबाथेंबांनी फुटलं तर अजून तेल आहे. यानंतर पृष्ठभागाला बोट लावायचं नाही.

ग्राउंड, म्हणजे अ‍ॅसिड अडवणारा थर. मेण, राळ आणि डांबर यांचं मिश्रण. हॉटप्लेटवर गरम करून पातळ, सारखा थर द्यायचा. मेच्या दुपारी हा थर निबर होतच नाही, हाताला चिकटतो. तेव्हा सकाळी सातला या किंवा संध्याकाळी बसा.

रेषा. इथे नवखे जोर लावतात. धातू कोरायचा नाहीये. ग्राउंड फक्त उघडायचा, खालची चमक दिसली की झालं. कोरण्याचं काम अ‍ॅसिड करणार आहे.

पाठ आणि कडा फ्रेंच पॉलिशने झाका. नाहीतर अ‍ॅसिड मागून खातं आणि महागाचं अ‍ॅसिड फुकट जातं.

आता अ‍ॅसिड. जस्ताला पातळ नायट्रिक, आमच्याकडे साधारण एक भागाला आठ-दहा भाग पाणी. नेहमी पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. उलटं केलंत तर उकळून अंगावर उडतं. पंखा चालू, चष्मा डोळ्यावर, एकट्याने नाही. रेषांवर बुडबुडे बसतात, ते पक्ष्याच्या पिसाने हळूच झटकायचे, नाहीतर रेषा तुटक खाल्ली जाते. बुडबुडे फार जोरात यायला लागले आणि तपकिरी वाफ दिसली तर प्लेट बाहेर काढा आणि खोलीबाहेर पडा. ती वाफ फुप्फुसाला वाईट आहे. शेजारी सोड्याचं पाणी भरलेली बादली असलीच पाहिजे. तांबं असेल तर फेरिक क्लोराइड वापरतात. त्यात वाफ नाही, पण गाळ खाचेत बसतो, म्हणून प्लेट पालथी ठेवतात. जस्ताची आणि तांब्याची प्लेट एकाच ट्रेमध्ये कधी घालू नका.

गडद आणि फिकट रेषा हव्यात तर सुई जोरात दाबून मिळत नाहीत, वेळाने मिळतात. सगळ्या रेषा काढा, थोडा वेळ अ‍ॅसिडमध्ये ठेवा, धुवा, वाळवा, ज्या फिकट राहायच्या त्या फ्रेंच पॉलिशने झाका, परत ठेवा. असं तीन-चार वेळा. वहीत प्रत्येक वेळ लिहा, शिवाय त्या दिवशीची हवाही लिहा: उन्हाळ्यात तेच अ‍ॅसिड दुप्पट वेगाने खातं असं वाटतं, आणि ताजं अ‍ॅसिड जुन्यापेक्षा कडक असतं.

माझी पहिली मोठी प्लेट होती इथल्या सुरसागर तलावाची, मधल्या शंकराच्या मूर्तीसकट. अ‍ॅसिडमध्ये ठेवली, घरून फोन आला, बाहेर जाऊन बोलत बसले. परत आले तर ग्राउंड जागोजाग उचलला गेला होता आणि पाण्याच्या सगळ्या लाटांचा मिळून एक खड्डा झाला होता. प्रेसवरचे काका डोकावले आणि म्हणाले, "बेन, अ‍ॅसिड कोईनी राह नथी जोतुं." अ‍ॅसिड कुणाची वाट बघत नाही. ती प्लेट मी अजून ठेवलीय. मागची बाजू वापरायची म्हणते, होत नाही.

६. राळ उडवताना

रेषेने सावली भरत बसायची नसेल तर अ‍ॅक्वाटिंट. बंद पेटीत राळेची बारीक पूड प्लेटवर सारखी पडू द्यायची, खालून गरम करायची, दाणे प्लेटला चिकटतात आणि अ‍ॅसिड दाण्यांच्या मधल्या जागेतून खातं. छापल्यावर वॉटरकलरसारखी करडी छटा येते.

किती गरम करायचं हे डोळ्याने कळतं. पांढरी धूळ हळूहळू पारदर्शक होत जाते, ओलं झाल्यासारखी चकाकते. ही चकाकी पुढे सरकत जाताना दिसते. तिच्या मागोमाग ज्योत हलवा. एका जागी थांबलात तर दाणे वितळून एकजीव होतात आणि अ‍ॅसिडला वाटच उरत नाही. छापल्यावर तिथे कोरा पांढरा ठिपका.

दशावतारात राक्षस रंगमंचावर येताना मशालीवर राळ टाकतात आणि भडका उडतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको: हवेत राळेची धूळ असताना जवळ ज्योत पेटवायची नाही. धूळ खाली बसू द्या, प्लेट पेटीतून बाहेर काढून दुसरीकडे न्या, मग तापवा. आणि मास्क. राळ छातीत जाऊन बसते.

छटांसाठी आधी एक चाचणीपट्टी करा. वीतभर प्लेट, तिचे पाच पट्टे. पहिला पट्टा झाकलेला. उरलेले अर्धा मिनिट अ‍ॅसिडमध्ये, मग एक पट्टा झाका. पुन्हा अर्धा मिनिट, झाका. मग एक, मग दोन मिनिटं. छापून वहीत चिकटवा. पुढच्या वर्षभर ती पट्टी तुमचं पंचांग. पावसाळ्यात मात्र पूड दमट होऊन गुठळ्या होतात, तेव्हा जुन्या पट्टीवर विसंबू नका.

७. पुसणं

प्लेट किंचित कोमट करा. पुठ्ठ्याच्या तुकड्याने शाई सगळीकडे लोटून खाचेत दाबा. शाई चक्क्यासारखी हवी, मठ्ठ्यासारखी नको. घट्ट असेल तर जवसाच्या तेलाचे दोन थेंब.

मग खळीच्या कापडाची सपाट गादी करून गोल गोल पुसा. बोट खुपसू नका, कापड खाचेत शिरून शाई ओढून आणतं. कापड भरलं की बदला. शेवटी हाताच्या तळव्याला नावापुरतं शंखजिरं लावून, तळवा प्लेटवरून झर्रकन ओढायचा. हा हात बसायला मला पाच महिने लागले. कमी पुसलं तर सगळं करडं, जास्त पुसलं तर चित्र अशक्त. एकाच प्लेटचे दोघांनी काढलेले प्रिंट शेजारी ठेवा, दोन वेगळी चित्रं वाटतील. म्हणून म्हणते, चित्र प्लेटवर काढून संपत नाही.

कडा कापडाने स्वच्छ पुसा. त्या विसरल्या की चौकटीभोवती काळी घाण उमटते.

प्रेसच्या पाटावर स्वच्छ कागद, त्यावर प्लेट, त्यावर ओला कागद, मग एक पातळ कागद, मग ब्लँकेट. चाक एकदाच, न थांबता, एका वेगाने. मध्ये थांबलात तर तिथे आडवी रेघ. कोपऱ्यातून सावकाश उचला. पहिला प्रिंट नेहमी वाईट येतो, त्यावर रडू नका. तिसऱ्यापासून प्लेट बोलायला लागते.

८. शिळाछाप

जुन्या मराठी घरांत शिळाछापाच्या पोथ्या असायच्या. आमच्या आजीकडे एक होती, आडव्या पानांची, अक्षर थेट हाताने लिहिल्यासारखं. लहानपणी मला वाटायचं ती खरंच कुणीतरी लिहिलीय. एका अर्थाने खरंच होतं ते: लेखनिकाने तेलकट शाईने लिहायचं आणि दगडाने त्याच्या प्रती काढायच्या. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापलं ते असंच, शिळाछापावर.

युक्ती सापडली ती आलोइस झेनेफेल्डर या जर्मन नाटककाराला, १७९६ च्या सुमारास. स्वतःची नाटकं स्वस्तात छापायची खटपट चालली होती. आईने धोब्याच्या कपड्यांची यादी लिहून घ्यायला सांगितली आणि हाताशी कागद नव्हता म्हणून त्याने ती दगडावर लिहिली, अशी गोष्ट सांगतात. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा चुनखडीचा दगड आजही सगळ्यांत चांगला मानतात.

तुमच्या वाट्याला आधी येते ती मेहनत. जुनं चित्र घालवायला दगड घासायचा: कार्बोरंडमची रवाळ पूड, पाणी, आणि वर दुसरा दगड आठच्या आकड्यात फिरवायचा. जाड रवा, मग मधला, मग बारीक. खांदे भरून येतात. मधूनमधून लोखंडी पट्टी दगडावर उभी धरून बघा. मध्यभागी खोलगट झाला असेल तर तिथे छाप उतरणार नाही, कितीही दाब द्या.

घासून झाल्यावर दगड तुमच्या बोटांवरही विश्वास ठेवतो. घामट तळवा टेकला की तिथे चरबी बसली, आणि छापताना तुमचा पंजा चित्रात उगवतो. हाताखाली स्वच्छ कागद ठेवून काढा, फुंकर मारताना थुंकी उडू देऊ नका.

तेलकट खडूने काढा, राळ आणि शंखजिरं भुरभुरवा, मग डिंकाच्या पाण्यात मोजके थेंब नायट्रिक घालून तो लेप द्या. चित्र टर्पेंटाइनने पुसतात तो क्षण भयंकर असतो, सगळं काळं गेलेलं दिसतं आणि पोटात गोळा येतो. गेलेलं नसतं. दगडात उतरलेलं असतं. ओला स्पंज फिरवून रोलर चालवला की हळूहळू परत उभं राहतं. नियम एकच: रोलर चालवताना दगड कधीही कोरडा पडू द्यायचा नाही. एक जण स्पंजवर, एक रोलरवर. उन्हाळ्यात स्पंजवाल्याला उसंत नसते.

९. स्क्रीन

हे थोडक्यात सांगते, कारण शिकवणारे गल्लोगल्ली आहेत. लग्नपत्रिका आणि टी-शर्ट छापणाऱ्या कारागिरांकडे आठ दिवस बसलात तर महिनाभराच्या वर्गापेक्षा जास्त शिकाल. नम्रपणे विचारा, मधल्या वेळचा चहा तुम्ही आणा.

चुका ठरलेल्या आहेत. पॉझिटिव्ह, म्हणजे पारदर्शक कागदावरचं काळं चित्र, पुरेसा काळा नसतो, त्यामुळे इमल्शन, म्हणजे जाळीवरचा उजेडाने पक्का होणारा लेप, सगळीकडे पक्कं होतं. पावसाळ्यात इमल्शन वाळत नाही, तरी घाईने उजेडात धरतात आणि धुताना सगळं वाहून जातं. जाळी कागदाला चिकटून राहते. चौकटीच्या कोपऱ्यांखाली दोन-दोन नाणी ठेवा, स्क्विजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, गेल्यावर जाळी आपोआप उठेल. आणि छापून झाल्यावर जेवायला जातात. आधी जाळी धुवा. भोकांत शाई वाळली की ती स्क्रीन मेली.

१०. नंबर आणि सही

आवृत्ती किती प्रतींची हे छापण्याआधी ठरवा आणि पाळा. चित्राच्या खाली, पेन्सिलनेच: डावीकडे नंबर, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही आणि साल. ३/१५ म्हणजे पंधरातला तिसरा. चित्रकाराच्या स्वतःच्या प्रतींवर ए/पी (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहितात, त्या थोड्याच असाव्यात. पंधरा म्हणून विकून नंतर विसावा काढणं ही फसवणूक आहे, मग प्लेट कितीही चांगल्या अवस्थेत असो.

पंधरा म्हटलं तर अठरा कागद भिजवा.

११. बडोद्यात काय बघाल

इथे शिकताय तर या गावाचं छापाशी नातं जुनं आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं; दादासाहेब फाळके तिथे शिकले आणि पुढे रविवर्म्याच्या छापखान्यात शिळाछापाचं काम केलं. चित्रांचे छाप काढून घराघरांत पोचवावेत हा सल्ला रविवर्म्याला दिला तोही बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनी. १८९४ साली मुंबईला प्रेस सुरू झाला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला.

लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. ती बघा, आणि मग कुणाच्या देवघरातली जुनी लक्ष्मी किंवा सरस्वती भिंगाखाली धरा. खरी जुनी ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखा दिसणारा रंगीत शिळाछाप, असेल तर हाताने टिपलेले वेडेवाकडे ठिपके दिसतील, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आजच्या ऑफसेट कॅलेंडरवर तेच भिंग ठेवा: ठिपके शिस्तीत, छोट्या फुलांसारखे. हा अर्ध्या तासाचा अभ्यास मला एका सत्राइतका उपयोगी पडला.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० साली सुरू झाली. चित्रकार ज्योती भट्ट न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये इंटाग्लिओ शिकून परत आले आणि इथल्या कित्येक पिढ्यांना त्याचा नाद लागला. त्यांचे प्रिंट कुठे भिंतीवर दिसले तर अक्षरं कशी वळवलीत ते जवळून बघा. १९९९ साली गुलाममोहम्मद शेख, कविता शहा आणि विजय बगोडी या चित्रकारांनी 'छाप' हा प्रिंटमेकिंगचा स्टुडिओ सुरू केला. शिक्षण संपल्यावर प्रेस कुठून आणायचा, या प्रश्नाला या गावात जे उत्तर मिळतं ते तिथलं. प्रेस घरी घेण्याची स्वप्नं पहिल्या वर्षी बघू नका. तो दोन माणसांना उचलत नाही आणि तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी ऐकून घेत नाहीत.

१२. सुट्टीवर जाण्याआधी

प्लेट आधी खाद्यतेलाने पुसा, बरीचशी शाई त्यानेच निघते, मग नावापुरतं केरोसीन किंवा टर्पेंटाइन. खाचेत वाळलेली शाई पुन्हा निघत नाही. जस्त दमट हवेत पांढरं पडतं, म्हणून तेलाचा हात फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळा. शाईचे बोळे आणि तेलाच्या चिंध्या ढीग करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात. हत्यारांना तेल. प्रेसचा दाब सैल करा, ब्लँकेट काढून दोरीवर टाका.

आणि वाळत घातलेले प्रिंट मोजून घ्या. माझा चौदावा एकदा दिवाळीच्या सुट्टीत पंख्याखालून उडून कपाटामागे गेला आणि होळीला सापडला, उंदरांनी कडा कुरतडलेला. नंबर मात्र शाबूत होता.